ताटातलं संतोषाधिक्य

सकाळची जेवणं उरकली की महानंदा उटगे खरकट्याच्या बादलीपाशी यायची आणि तिला रोज नव्याने किळस यायची. अर्ध्या पोळ्या, कालवून सोडलेला भात, शेंगदाणे तेवढे वेचून बाजूला सारलेली दोडक्याची भाजी, आणि या सगळ्यावर कुणीतरी हात धुतल्याचं पाणी. एका वेळची अकरा किलो घाण. तीही आपल्याच हाताने फोडणी दिलेली.

उजनीचं पाणी अखेर लातूरच्या नळाला आलं, त्या वर्षीची ही गोष्ट. गावात बाकी सगळं बरं चाललं होतं. डाळ आणि तेल मात्र परवडेनासं झालं होतं आणि क्लासेसच्या गल्लीतल्या मेस एकेक करून कुलपं लावत होत्या. महानंदाकडे छप्पन्न मेंबर होते, सगळे डॉक्टर-इंजिनिअर व्हायला गावोगावहून आलेले. पोरं-पोरी तिला काकू म्हणायची. नवरा वारल्यापासून सतरा वर्षं तिने हीच मेस चालवून लेकीला वाढवलं होतं.

मेसवाल्याची खरी डोकेदुखी म्हणजे खाडे. मेंबरने आदल्या दिवशी सांगून जेवण चुकवलं की खाडा पडतो आणि तेवढे पैसे वजा होतात, हे ठीक. पण परीक्षेत मार्क कमी पडले म्हणून रुसून खोलीवर पडलेलं पोर कधी खाडा सांगत नाही. त्याचं जेवण जातं बादलीत. उलट एखादा न सांगता गावाकडच्या दोघांना घेऊन येतो आणि शेवटच्या पोरींना भात पुरत नाही. महानंदा हे सगळं हाताच्या अंदाजाने सांभाळायची. अलीकडे अंदाज रोज चुकत होता आणि गेल्या वर्षी तिने बांगड्या मोडून किराणा भरला होता.

तेव्हा मदतीला आली तिची लेक. मुक्ता पुण्यात संख्याशास्त्र शिकली, मग अर्थशास्त्र शिकली आणि ‘अन्नमिती’ नावाच्या कंपनीत लागली. छोट्या धंद्यांच्या अडचणी गणिताने सोडवायच्या, हे कंपनीचं काम.

"आई, तू सरासरीवर स्वयंपाक करतीस, तिथंच फसतीस," तिने वहीवर रेघा मारत आईला सांगितलं. "रोज सरासरी पन्नास जण जेवतात, म्हणून तू पन्नासांचं शिजवतीस. पण नेमके पन्नास किती दिवस येतात? एखाद्या दिवशी त्रेचाळीस, एखाद्या दिवशी एकोणसाठ. सरासरीपेक्षा हा हेलकावा किती मोठा आहे ते महत्त्वाचं. आणि तो का होतो, ते तर त्याहून महत्त्वाचं."

महिनाभरात मेसमध्ये ताटमापी बसली. प्रत्येक जागेखाली वजनकाटा, डोक्यावर कॅमेरा. स्वयंपाकघर आणि जेवणघर यांच्यामध्ये स्टीलचं वाढप-यंत्र. मेंबरने अंगठा टेकवायचा की यंत्र त्याच्या ताटात पोळी, भाजी, वरण, भात घालणार. कोण किती घेतं, किती टाकतं, घास किती वेगाने जातो, हात लोणच्याकडे कितव्या घासाला वळतो, सगळं नोंदलं जायचं. सोमवारी चाचणी असली की रविवारी संध्याकाळी भात तीन किलो कमी लागतो, निकालाच्या दिवशी मुली पोळ्या खात नाहीत आणि मुलं दुप्पट खातात, हे यंत्राने तीन आठवड्यांत शोधून काढलं. रात्रीचा आकडा ते सकाळीच सांगायचं आणि तो दोन-तीन माणसांपलीकडे चुकायचा नाही.

बादली दोन किलोवर आली. महानंदाला लेकीचा कोण अभिमान. भाजी बाजारात उभी राहून ती ओळखीपाळखीच्या बायांना सांगायची, "पोरीनं नाव काढलं बघा." मग एकदा मुक्ता म्हणाली, "आता दुसरा टप्पा सुरू करायचा," आणि तिने एक कागद पुढे केला. महानंदाने तो वाचला नाही. लेकीने पुढे केलेला कागद आई वाचत बसते का? तिने सही केली आणि कणकेचे हात धुवायला गेली.

आठ महिने गेले. धंदा असा फळफळला की महानंदालाच नवल वाटायचं. छप्पन्नाचे सत्तर मेंबर झाले, तरी डाळीचं पोतं पूर्वीपेक्षा जास्त दिवस पुरायचं. पोळ्या आता यंत्र लाटायचं, कणकेचे आणि यंत्राच्या आतले बाकीचे बंद डबे कंपनीची गाडी भरून जायची. वरण आणि भाजी मात्र महानंदा स्वतः करून यंत्राच्या टाक्यांत ओतायची, आणि सोजरबाई, तिची जुनी मदतनीस, चव बघून मान हलवायची. आता कंपनीला ‘उटगेकाकूंची मेस’ या नावाने तीस शाखा काढायच्या होत्या, पाटीवर महानंदाचा फोटो लावून. शनिवारी दुपारी करार व्हायचा होता. तो झाला की मुक्ता कंपनीत भागीदार होणार होती. तिने पुण्यात घरसुद्धा बघून ठेवलं होतं.

गुरुवारी सकाळी मेसच्या पायरीवर दीक्षा तेलंगे चक्कर येऊन बसली.

दीक्षा उदगीरकडची, वडील शाळेत शिपाई. एकतीस नंबरची मेंबर. अतिशय वळणाची पोर. सतरा वर्षांत महानंदाने हजारभर पोरं जेवू घातली असतील, पण ताट इतकं स्वच्छ करणारी दुसरी पाहिली नव्हती. बोटाने पुसून घ्यायची, वर "काकू, छान झालतं" म्हणायची.

महानंदाने तिला पाणी पाजलं. पोरीचं मनगट हातात घेतलं तर नुसतं हाड लागलं. नखांना रंग नव्हता.

"जेवतीस का नीट?"

"जेवते की काकू. दोन्ही टायमाला तुमच्याकडंच जेवते."

"मग अशी वाळलीस कशानं? वरचं काही खातीस का नाही, फळं, दूध?"

"पैसे पुरत न्हाईत काकू. पण पोट भरतंय माझं, खरंच."

हे ऐकून महानंदाला आधी रागच आला. माझ्या हातचं दोन वेळा खाऊन पोर वाळते म्हणजे काय? ती दीक्षाचा हात धरून आत गेली, तिला अंगठा टेकवायला लावला आणि तिच्या समोर बसली. ताट भरून आलं. दिसायला सगळ्यांच्या ताटासारखंच होतं. दीक्षाने नमस्कार करून खायला सुरुवात केली. तिने चार घास खाल्ले असतील, तेवढ्यात महानंदाने हात पुढे करून तिच्या वाटीतलं वरण पोळीच्या तुकड्याने उचललं आणि तोंडात घातलं.

दीक्षा गोंधळून गेली. "काकू, उष्टंय ते."

दुसऱ्याचं उष्टं महानंदाने जन्मात खाल्लं नव्हतं. मुक्ता लहान असताना तिच्या वाटीतलं खाल्लं असेल, तेवढंच. पण आता तिला उष्ट्याची किळस आली नाही, वरणाची आली. ते वरण जिभेवर आलं आणि काहीच न सांगता घशात उतरलं. पिवळं, कोमट, बुळबुळीत पाणी. त्यात डाळीचा कण नव्हता, कसलंतरी पीठ कालवून त्याला दाटपणा आणला होता. मागाहून जिभेवर एक खोटी खारट चव चिकटून राहिली, कितीही गिळलं तरी जाईना. पोळी ओल्या पुठ्ठ्यासारखी. भाजीत दुधीचं साल आणि रंगीत तेलाचा तवंग. महानंदाने तासापूर्वी स्वतः तुरीचं वरण घोटलं होतं. तिची फोडणी या पाण्यात औषधालाही नव्हती.

तिला उमासा आला. पोरीसमोर थुंकायचं कसं म्हणून ती तोंड दाबून बसून राहिली.

शेजारच्या टेबलावर हर्षवर्धन नावाचा एका कंत्राटदाराचा मुलगा अर्धं ताट तसंच टाकून उठत होता. तो रोज टाकायचा आणि रोज काहीतरी खोड काढायचा. महानंदा उठली आणि सगळ्यांच्या देखत त्याच्या ताटातला घास तोंडात घातला. तेच तिचं वरण. दाट, हिंगाचा वास येणारं, वर तुपाची धार. पोरं बघतच राहिली. काकूला काय झालं, कुणाला कळेना.

दुपारी तिने सोजरबाईला यंत्राशी उभं केलं आणि अंगठ्याऐवजी मालकिणीच्या चावीने एकेक नंबर टाकून सत्तर वाट्या भरून घेतल्या. सत्तर वाट्यांत सत्तर तऱ्हेचं वरण. दोघी एकेक बोट चाटत गेल्या. एकतिसाव्या वाटीशी सोजरबाई म्हणाली, "ह्ये तर मी म्हशीला सुदिक घालणार न्हाई, बाई." आणि मोरीपाशी जाऊन तिने चूळ भरली.

शनिवारी मुक्ता कागद घेऊन आली. भुकेली होती, पुण्याहून थेट आली होती. महानंदा "आधी जेव," म्हणाली, यंत्रावर एकतीस नंबर टाकला आणि भरलेलं ताट लेकीसमोर ठेवलं.

मुक्ता एका हाताने फोनवर निरोप लिहीत जेवू लागली. तीस शाखांची नावं ती आईला वाचून दाखवत होती. उदगीर, निलंगा, औसा, अहमदपूर. मध्ये एकदा ती थबकली, वाटीत पाहिलं आणि पुन्हा जेवू लागली. शेवटचा भात तिने वरणाच्या वाटीत कालवला, वाटी बोटाने पुसली, ताट पुसलं. लहानपणी आईनेच तसं लावलं होतं. कारलं संपेपर्यंत पाच वर्षांची मुक्ता तासभर पाटावर बसून राहिली होती आणि महानंदा तिच्यासमोर हलली नव्हती.

भिंतीवरच्या पडद्यावर अक्षरं उमटली. महानंदाने ती मोठ्याने वाचली. "मेंबर एकतीस. पान स्वच्छ. समाधानी. आणखी चार टक्के वाव."

मुक्ताने मान वर केली.

"कसलं जेवलीस कळलं का?" महानंदाने विचारलं. "एकतीस नंबरची पोर परवा पायरीवर पडली. आठ महिने हे जेवायलीय ती. आता सांग मला, हे काय केलंयस तू."

मुक्ताने फोन खाली ठेवला. मग तिने शिकवणीच्या सुरात सांगायला घेतलं, आणि तेच महानंदाला सगळ्यांत जास्त लागलं.

"समज, एखादी साडी तू हजारालाही घेतली असतीस आणि ती तुला सातशेला मिळाली. वरच्या तीनशेचा आनंद तुला फुकट मिळाला ना? अर्थशास्त्रात त्याला संतोषाधिक्य म्हणतात. मेंबर देतो त्यापेक्षा जास्त समाधान घेऊन घरी जातो. ते सतरा वर्षं तू फुकट वाटत होतीस, म्हणून बांगड्या मोडल्यास. आम्ही ते परत घेतो, एवढंच. तू सही केलेला दुसरा टप्पा तो हाच. डाळ-तेलाच्या शंभर भागांतले दोन भाग काढले तर जिभेला कळत नाही. पाच दिवसांनी आणखी दोन काढायचे. कुठंतरी मेंबर पानात टाकायला लागतो. तो त्याचा सहनबिंदू. तिथून एक पायरी मागं यायचं आणि थांबायचं. प्रत्येकाचा वेगळा असतो. कुणावर जबरदस्ती नाही."

"आणि जो टाकतच न्हाई?"

"मग यंत्र समजतं की तो खूश आहे."

"आन् खाली जात राहतं."

"कायद्याने तळ ठरवलाय, आई. उष्मांक मोजून दिलेत. पिठाने भरतात ते."

"मुक्ते, तिच्या घरी पानात टाकत न्हाईत. आईबापानं तसं वळण लावलंय तिला. ती उपाशी मरंल पण टाकणार न्हाई. आन् तो कंत्राटदाराचा कारटा रोज अर्धं ताट फेकतो, तर त्याला तूप?"

"वळण कुठल्या काट्यावर मोजायचं?" मुक्ता चिडून म्हणाली. "यंत्राला ताट दिसतं. तिने दोन घास टाकले असते तर दुसऱ्या दिवशी सुधारलं असतं. आणि बघ, मीसुद्धा खाल्लंच ना आत्ता? मला काही झालं? पुढच्या महिन्यात दोन वृद्धाश्रम घेतोय आम्ही. तिथले आकडे तर इतके चांगले येतील. म्हातारी माणसं तक्रारच करत नाहीत."

हे शेवटचं वाक्य ती खरोखर आनंदाने बोलली. महानंदाने लेकीच्या तोंडाकडे पाहिलं. ओठाच्या कडेला ते पिवळं पाणी लागलेलं होतं. तिला लेकीची किळस आली, आणि लेकीची किळस येते म्हणून स्वतःची आली. ताट पुसायला हिला मीच शिकवलं. शेजारच्या ताटात काय आहे ते बघायला नाही शिकवलं. आठ महिने माझं नाव सांगून माझ्याच दारात पोरांना पाणी पाजलं जात होतं आणि मी बाजारात उभी राहून मिरवत होते.

"सही न्हाई करायची मला," ती म्हणाली. "आन् हे यंत्र उचलायला माणसं पाठव."

"आई, माझी भागीदारी याच्यावर आहे. ही मेस दाखवूनच मी सगळ्यांना तयार केलंय. तू माघार घेतलीस तर मला तिथं कोण विचारणार?"

"ठाऊक हाय मला."

"तुला नको तर कंपनीला दुसरी कोणीतरी काकू मिळेल. पाटीवर चेहरा लागतो फक्त. यंत्र थांबणार नाही. थांबणार फक्त मी."

महानंदाला रडू आलं होतं, पण ती बोलली ते स्वच्छ बोलली. "तुला जेवायचं असंल तवा ये. माझ्या हातानं वाढीन. कागद घिऊन येऊ नको."

मुक्ताने कागद पिशवीत घातले. जाताना ताट उचलून मोरीत नेऊन ठेवलं, तेवढी शिस्त तिच्यात होती. रिक्षात बसेपर्यंत तिने मागे पाहिलं नाही. त्यानंतर तिचा फोन आला तो यंत्र कधी उचलायचं एवढं विचारायला, आणि मग आलाच नाही.

पंधरा दिवसांत रिंगरोडला कंपनीची मोठी पाटी लागली. ठसठशीत कुंकवाची, डोक्यावर पदर घेतलेली कुणी अनोळखी बाई हसत होती. खाली लिहिलं होतं, ‘माईंच्या हातचं, घरच्यासारखं.’ महानंदा त्या रस्त्याने जायचं टाळू लागली. एकदा गेलीच तर पाटीकडे बघून तिच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं.

यंत्र दोन दिवसांतच गेलं होतं. काटे उपटले तिथे टेबलांना भोकं राहिली. महानंदाने सगळ्यांना एकत्र बसवून जे झालं ते सांगितलं आणि हात जोडले. आता वरण सगळ्यांना एकाच पातेल्यातून मिळेल आणि दर दोनशेने वाढेल, हेही सांगितलं. पोरं चुळबुळली. चोवीस मेंबर सोडून गेले. हर्षवर्धन आणि त्याची टोळी सगळ्यांत आधी, रिंगरोडच्या माईंकडे. खाड्यांचा घोळ पुन्हा सुरू झाला, बादली पुन्हा भरू लागली, आणि हे फार दिवस चालायचं नाही हे महानंदाला वही न उघडताही कळत होतं.

पण यंत्राविनाच्या पहिल्या दिवशी ती खूश होती. पहाटेपासून सोजरबाईला घेऊन खपत होती. तुरीचं घट्ट वरण, वर लसणाची फोडणी, घडीच्या पोळ्या, मेथीची भाजी, शेंगदाण्याची चटणी. दीक्षाचं ताट तिने स्वतः वाढलं. वरणावर तूप सोडलं, थोडं थांबली, आणखी सोडलं. मग समोर बसली आणि खाणाऱ्या पोरीकडे बघत राहिली.

दीक्षाने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. "काकू, लई भारी झालंय." दुसरा घास घेतला. तिसऱ्याला तिचा हात थांबला. कपाळावर घाम आला. पाणी पिऊन तिने पुन्हा घास केला, तोंडापर्यंत नेला आणि खाली ठेवला. मग एकदम उठून मोरीकडे धावली.

परत आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. ती ताटासमोर बसली, पण ताटाकडे बघेना. सगळं तसंच होतं, तूप गोठायला लागलं होतं. तिने दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले.

"काय झालं बाळा? चव बिघडली का?"

"न्हाई काकू. चव लई चांगली हाय. पोटात राहिना. वासानंच कसंतरी व्हायलंय." तिचे डोळे भरले होते. "पानात टाकायलेय मी, माफ करा. उद्यापासून… ते आधीचं पातळ वरण मिळंल का? त्याची सवय झालीय."

महानंदा उठली. तिने ते ताट उचललं आणि स्वयंपाकघरात गेली. एका वाटीत तिने पळीभर वरण घेतलं, तांब्या उचलला आणि आपल्या हाताने त्यात पाणी ओतलं. चव बघितली. मग आणखी ओतलं.